समुद्र आलाच नाही!

भूमध्य समुद्राचा नकाशा घरात असेल तर तो समोर घ्या आणि त्यावर एक पट्टी ठेवा. पट्टीचे वरचे टोक इटलीतील नॅपल्स बंदरावर ठेवा आणि तिची कड आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील बेनगाझी शहरावरून जाऊ द्या. आता पेन्सिलीने रेघ ओढा. पण बेनगाझीला थांबू नका. तशीच खाली, आग्नेय दिशेला, लिबियाच्या वाळवंटात चारशे-साडेचारशे मैल ती ओढत न्या. जेथे नकाशावर गाव नाही, नदी नाही, रस्ता नाही, नुसता पिवळा रंग आहे, तेथे थांबा. त्या जागी, तुमच्या रेघेपासून फारसे दूर नाही अशा ठिकाणी, एक चार इंजिनांचे अमेरिकन बाँबफेकी विमान पंधरा वर्षे कोणाच्याही नजरेस न पडता पडून होते.

ते विमान उतरायचे होते बेनगाझीजवळच्या तळावर. त्यात नऊ माणसे होती. युद्ध संपले, जग बदलले, त्या नऊ जणांच्या घरी मृत्यूची पत्रे गेली. ते सारे समुद्रात बुडाले, असेच सर्वांनी गृहीत धरले. समुद्र हा मोठा सोयीचा साक्षीदार आहे. तो कोणाला खोटे पाडायला येत नाही.

मी वैमानिक नव्हे आणि सैनिकही नव्हे. मी दर्यावर्दी, आणि तोही सुकाणू धरणारा नव्हे, तर जहाजाच्या बिनतारी खोलीत कानांना हेडफोन लावून बसणारा. माझ्या नोकरीची अठ्ठावीस वर्षे त्या खोलीत गेली. आमच्या रत्नागिरीकडचे खलाशी रेडिओ ऑफिसराला ‘मार्कोनीसाहेब’ म्हणत आणि साहेब दिवसभर टिकटिक करीत नक्की काय करतो, ह्याविषयी आपसांत नाना तर्क लढवीत. ह्या विमानाची हकीकत मी प्रथम वाचली ती जहाजावरच्याच एका फाटक्या मासिकात. वाचता वाचता एका ठिकाणी अडखळलो. विमानाने रात्री बिनतारीवरून दिशा विचारली होती. किनाऱ्यावरच्या केंद्राने ती सांगितली होती. आकडा बरोबर होता, आणि त्या बरोबर आकड्यानेच नऊ माणसांचा घात झाला! दिशा विचारणे आणि सांगणे हा माझा रोजचा धंदा. मग ही गोष्ट मला सोडीना. तेव्हापासून तिच्याविषयी जे जे मिळाले ते मी वाचीत आलो आहे.

विमान होते लिबरेटर जातीचे. हे नाव आपल्याला परके नाही. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्याने दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९४८ पासून १९६८ पर्यंत वापरली. पुण्याच्या लोहगाव तळावरही ती होती. जुन्या पुणेकरांनी त्यांची घरघर नक्कीच ऐकली असेल. पंखांची लांबी एकशेदहा फूट, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची चार इंजिने आणि पोट मात्र असे फुगीर की, जमिनीवर उभे असताना हे यंत्र उडेल असे कोणाला वाटू नये. युद्धकाळात अमेरिकेने अशी अठरा हजारांवर विमाने बनवली.

आपल्या ह्या विमानाच्या नाकावर नाव रंगवले होते, ‘लेडी बी गुड’. म्हणजे ‘बाई ग, जरा नीट वाग!’ १९२४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजलेल्या एका संगीत नाटकाचे हे नाव. बेनगाझीच्या दक्षिणेला सुलूक नावाचा तळ होता. तेथे हे विमान २५ मार्च १९४३ रोजी दाखल झाले. त्यावर नेमलेली माणसेही त्या तळावर आठवड्याभरापूर्वीच आलेली, कोरी करकरीत. ४ एप्रिलची मोहीम ही ह्या नऊ जणांची मिळून पहिलीच लढाई.

त्यांची नावे सांगतो, कारण पुढे ती लागणार आहेत. वैमानिक लेफ्टनंट विल्यम हॅटन, राहणार न्यूयॉर्क. त्याचा सहवैमानिक रॉबर्ट टोनर. वाट काढून देणारा नॅव्हिगेटर हेज. ह्या गृहस्थाचे पहिले नाव ‘डीपी’ अशी नुसती दोन अक्षरेच होते. बाँब सोडणारा जॉन वोराव्का. इंजिनांची निगा राखणारा हॅरल्ड रिपस्लिंगर. बिनतारीवर रॉबर्ट लामॉट, म्हणजे माझा व्यवसायबंधू. आणि मशीनगनवर तिघे: गाय शेली, व्हर्नन मूर व सॅम्युएल ॲडम्स.

त्या वेळी उत्तर आफ्रिकेतील युद्ध शेवटच्या टप्प्यात आले होते. जर्मन व इटालियन फौजा ट्युनिसियाच्या कोपऱ्यात रेटल्या जात होत्या. आपली चौथी इंडियन डिव्हिजन तेथेच लढत होती. वाडी अकारितच्या टेकड्यांवरची तिची लढाई ६ एप्रिलची, म्हणजे ह्या हकीकतीतल्या तिसऱ्या दिवसाची. शत्रूला रसद जात होती ती नॅपल्स बंदरातून. ते बंदर झोडपायचे म्हणून ४ एप्रिलला, रविवारी दुपारी, पंचवीस लिबरेटर विमाने दोन तुकड्यांनी निघाली. तळावर वाळूचे वादळ होते. ‘लेडी बी गुड’ दुसऱ्या तुकडीत होती. त्या तुकडीतील बहुतेक विमाने इंजिनांत वाळू गेल्यामुळे वाटेतून परत फिरली. राहिलेली मोजकी नॅपल्सच्या आसपास पोचली तेव्हा संध्याकाळचे आठ वाजत आले होते; खाली काही दिसेना. कोणी बाँब सिसिलीवर टाकले, कोणी समुद्रात. हॅटननेही विमान वळवले आणि बाँबचे ओझे समुद्रात टाकून परतीची वाट धरली. म्हणजे शत्रूचे काही बिघडले नाही, शत्रूने ह्यांचेही काही बिघडवले नाही. पहिली लढाई अशी कोरडीच गेली.

परत येताना मात्र ते एकटे होते. खाली काळोख, वर काळोख, आणि पाठीवर जोराचा वारा. रात्री बारा वाजून गेल्यावर हॅटनने बिनतारीवरून हाक दिली. विमानातले दिशा दाखवणारे यंत्र नीट चालत नव्हते. आम्ही कोठे आहोत ते सांगा, अशी ती हाक होती. बेनगाझीजवळ बेनिना येथे केंद्र होते. तेथल्या माणसाने हाक ऐकली, आपली वळ्याची एरियल फिरवून दिशा मोजली आणि उत्तर दिले: तीनशे तीस अंश. म्हणजे तुम्ही आमच्या वायव्येला, समुद्रावर आहात; असेच येत राहा.

येथे मला थोडे थांबून एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाची गोम येथे आहे. घरात जुना, मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर असेल तर तो गच्चीवर न्या. एखादे केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर हळूहळू स्वतःभोवती फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम क्षीण होईल. ती खूण लक्षात ठेवून तसाच फिरवत राहिलात तर बरोबर अर्ध्या फेरीनंतर आवाज पुन्हा तसाच क्षीण होईल. पूर्ण फेरीत ही गोष्ट दोनदा होते. वळ्याच्या एरियलचे हेच तत्त्व. ती तुम्हांला रेघ सांगते. पण बोलणारा माणूस रेघेच्या ह्या टोकाला आहे की त्या टोकाला, हे नुसते वळे सांगू शकत नाही. जहाजावर आमच्याकडे त्यासाठी जोडीला दुसरी, उभ्या तारेची एरियल असे. तिची कळ दाबली की पुढचे कोणते व मागचे कोणते ते कळे. नाहीतर दोन वेगळ्या केंद्रांकडून दिशा घ्यायच्या आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तेथे आपण आहोत असे समजायचे. एकाच रेघेवर कोणताही शहाणा कप्तान विसंबत नसे.

आता तीनशे तीस अंशांतून एकशेऐंशी वजा करा. उरले दीडशे. बेनगाझीहून दीडशे अंशांची दिशा म्हणजे आग्नेय, म्हणजेच वाळवंट! विमान तीनशे तीसवर असले काय आणि दीडशेवर असले काय, बेनिनाच्या वळ्याला दोन्ही सारखेच. आणि नॅपल्सहून येणारे विमान तीनशे तीसवर असणार हे इतके उघड होते की, ते दीडशेवर असेल अशी शंका केंद्रातल्या माणसाला यावी कोठून? वाऱ्याने विमानाला अपेक्षेपेक्षा लवकर किनाऱ्यावर आणले होते. हाक दिली तेव्हा ते तळ ओलांडून गेलेले होते. सुलूकच्या लोकांनी डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची घरघर ऐकली आणि प्रकाशाचे बाण सोडले, असेही नमूद आहे. वरच्यांना ते दिसले नाहीत. ज्याला समोर समुद्र आहे अशी खात्री आहे तो मागे वळून कशाला पाहील?

मग सुमारे दोन तास विमान तसेच चालत राहिले. हे दोन तास मी कितीदा तरी मनाशी मोजले आहेत. लामॉट बिनतारीशी बसलेला. हेज नकाशावर वाकलेला. हॅटनची नजर पेट्रोलच्या काट्यांवर. काळोख्या रात्री वरून वाळवंट व समुद्र ह्यांत फरक दिसत नाही. दोन्ही काळे, दोन्ही सपाट, दोन्हींवर एक दिवा नाही. सोमवारच्या पहाटे दोनच्या सुमारास पेट्रोल संपत आले, तेव्हा नऊही जणांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या टाकल्या. अंगावर पाण्यात तरंगवणारी जाकिटे होती.

पाय लागले ते वाळूला.

विमान मात्र, माणसे गेल्यावर, आपले आपण आणखी सोळा मैल उडत गेले आणि अलगद पोटावर उतरले. बाई अखेरीस नीट वागली; पण तेव्हा पाहायला कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी शोध झाला तो समुद्रावर. सापडणार काय? त्या मोहिमेत न परतलेले विमान एवढेच. नऊ नावे बेपत्त्यांच्या यादीत गेली, पुढे मृतांच्या.

पंधरा वर्षांनी लिबियाच्या वाळवंटात तेल शोधणारे आले. ९ नोव्हेंबर १९५८ रोजी एका ब्रिटिश तेल कंपनीच्या लोकांना हवेतून वाळूवर एक विमान दिसले. त्यांनी ट्रिपोलीजवळच्या अमेरिकन तळाला कळवले. त्या भागात आमचे एकही विमान हरवलेले नाही, असे तेथल्या दप्तरावरून निघाले, आणि विषय संपला! दप्तराला कोणी खोटे म्हणू शकत नाही; दप्तरात ते समुद्रात बुडालेले होते. २७ फेब्रुवारी १९५९ रोजी ते पुन्हा दिसले. तेलवाल्यांचे भूगर्भतज्ज्ञ त्यानंतर स्वतः तेथवर गेले आणि मेअखेर अमेरिकन पथक पोचले.

पथकाने जे पाहिले त्याची वर्णने वाचताना आजही अंगावर काटा येतो. विमान मागच्या बाजूला मोडून दोन तुकडे झाले होते; एवढे सोडले तर काल उतरल्यासारखे. कोरड्या हवेने गंज चढू दिला नव्हता. मशीनगनी झाडून पाहिल्या, झडल्या. बिनतारी यंत्र चालले. थर्मासमधला चहा पिण्याजोगा होता. खाण्याचे पदार्थ होते, पाणी होते. पात्यांच्या अवस्थेवरून दिसत होते की, टेकताना एकच इंजिन चालू होते. विमानात सापडलेल्या नोंदवहीत परतीच्या अखेरच्या टप्प्याविषयी काही नव्हते. आणि माणूस एकही नव्हता. हवाई छत्रीही एक नव्हती.

मग माणसे कोठे? शोधपथके उन्हाळाभर फिरली. वायव्येच्या दिशेने काही मैलांवर वाळूत बूट सापडले, तरंगायची जाकिटे सापडली. पुढे ठिकठिकाणी हवाई छत्रीचे फाडलेले कापड, वर दगड ठेवून, बाणाच्या आकारात मांडलेले. मागून शोधायला येणाऱ्याला कळावे की आम्ही इकडे गेलो. प्रत्येक बाणाचे टोक वायव्येला! पुढे कालान्शोचा वालुकासागर लागतो. शेकडो फूट उंचीच्या टेकड्या, एकीमागून एक. तेथे खुणा संपल्या. ते तेथे गाडले गेले असावेत, असा निर्णय करून शोध थांबला.

११ फेब्रुवारी १९६० रोजी पुन्हा तेलवाल्यांनाच पाच सांगाडे सापडले, पडल्या विमानापासून सुमारे ऐंशी मैलांवर. हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि ॲडम्स, सारे एकत्र. आसपास पाण्याची रिकामी बाटली, विजेऱ्या, छत्रीचे तुकडे. आणि टोनरच्या खिशात एक छोटी डायरी.

ती डायरी मोठी नाही. रोजच्या दोन-चार ओळी, पेन्सिलीने लिहिलेल्या. तिच्यात आक्रोश नाही, तक्रार नाही, कोणावर ठपका नाही. आपल्याकडे एखादा कारकून हजेरीपट लिहील तशी ती आहे, आणि म्हणूनच ती वाचवत नाही. तिच्यातला मजकूर माझ्या शब्दांत सांगतो.

पहिल्या दिवशी तो लिहितो की, नॅपल्सला सगळा गोंधळ झाला, परतताना वाट चुकली, पेट्रोल संपले, उड्या मारल्या. कोणाला फारसे लागलेले नाही; फक्त जॉन, म्हणजे वोराव्का, सापडत नाही. बाकीचे आठ जण काळोखात एकमेकांना हाका मारीत, प्रकाशाचे बाण व पिस्तुले उडवीत एकत्र जमले होते. सोमवारी त्यांनी वायव्येकडे चालायला सुरुवात केली. खाण्याचे थोडे पदार्थ आणि अर्धी बाटली पाणी. आठ जणांत अर्धी बाटली! हिशेब ठरला: प्रत्येकाला दिवसाला बाटलीच्या टोपणाने एक टोपण.

मंगळवारी दुपारच्या उन्हात ते पडून राहिले. संध्याकाळी उठून रात्रभर चालले. पंधरा मिनिटे चालायचे, पाच मिनिटे थांबायचे. आकाशात विमान दिसते का म्हणून डोळे लागलेले. दिसले नाही. बुधवारी तोच क्रम, पण पाय उचलेनात. गुरुवारी वालुकासागर लागला. वारा सुटला, त्याबरोबर वाळू. लामॉटचे डोळे गेले, इतरांचेही जाऊ लागले. मूर आणि ॲडम्स आता संपले असे सर्वांना वाटले. पण ते उठले आणि चालू लागले. दिशा वायव्यच.

शुक्रवारी ताटातूट झाली. अजून चालू शकणारे तिघे, शेली, रिपस्लिंगर आणि मूर, मदत आणायला पुढे निघाले. पाच जण तेथेच राहिले. दिवसा भाजायचे, रात्री गोठायचे. रात्रीचा पारा गोठणबिंदूच्या जरासाच वर. पाच जणांत पांघरायला एक हवाई छत्री. मरण आले तर बरे असे सर्वांना वाटते, हेही टोनर त्याच निर्विकारपणे नोंदवतो, आणि तरी रोज सारे मिळून प्रार्थना करतात, हेही. शनिवारी एक-दोन पक्षी दिसले. ह्या नोंदीपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. पक्षी दिसणे म्हणजे जमीन जवळ, हे दर्यावर्दीचे शास्त्र; त्या बिचाऱ्यांना पक्षी पाहून पाणी जवळ आले असे वाटले असेल काय? रविवारी पाणी जिभेला लावण्यापुरते उरले होते. पाणी असते तर आम्ही पार पडलो असतो, असे तो लिहितो. सोमवारी, १२ एप्रिलला, एवढेच की मदत अजून आली नाही आणि रात्र फार थंड होती. पुढे पाने कोरी आहेत.

आठ दिवस! इतक्या उन्हात, इतक्या पाण्यावर माणूस किती चालेल ह्याचे जे हिशेब तज्ज्ञांनी मांडले होते ते सारे ह्या मुलांनी चुकवले. पाच जणांनी पासष्ट मैल काटले. आणि पुढे गेलेल्यांचे काय? १९६० च्या मे महिन्यात शेली व रिपस्लिंगर सापडले, दोघे एकमेकांपासून वेगळे. पाच जणांच्या जागेपासून वीस मैल किंवा त्याहूनही पुढे, वालुकासागराच्या आत. रिपस्लिंगरजवळही एक डायरी होती. ऑगस्टमध्ये वोराव्का सापडला, उड्या मारल्या त्याच परिसरात. त्याची छत्री नीट उघडलीच नव्हती. सहकारी त्याला हाका मारीत होते तेव्हा तो कधीच संपला होता. नवांत दैव कोणावर प्रसन्न होते असे विचारले तर मी त्याचे नाव घेईन.

आता दोष कोणाचा, ह्या प्रश्नाकडे येतो. अनेक लेखकांनी तो सरळ हेजच्या माथी मारला आहे. नॅव्हिगेटर नवशिका, त्याला हिशेब जमला नाही, झाले! मला हे पटत नाही. पाठीवरचा वारा रात्री समुद्रावरून मोजणे म्हणजे डोळे बांधून रहाटाची दोरी मोजण्यासारखे आहे. तरीही विमान नॅपल्सहून निघून, अंधारात, शेकडो मैल समुद्र ओलांडून तळाच्या डोक्यावर आले होते. नकाशावरची तुमची रेघ पुन्हा पाहा. दिशा अचूक होती! चुकले ते अंतर. आणि अंतराची ती चूक उघडी पाडण्याची एकच संधी होती, ती म्हणजे ते बिनतारीवरचे उत्तर. त्या उत्तराने चूक उघडी पाडण्याऐवजी तिच्यावर शिक्का मारला. बेनिनाच्या माणसालाही मी दोषी धरणार नाही. त्याच्याकडे एक वळे होते, एक प्रश्न होता, आणि वळ्याने जे सांगितले ते त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्याच्या जागी मी असतो आणि हाताशी दुसरी एरियल नसती, तर मीही तीनशे तीसच सांगितले असते. त्या एका आकड्यासाठी मी झोप गमावली आहे ती ह्यामुळे.

खाली उतरल्यावर वायव्येला चालणे, ह्यालाही अविचार म्हणतात. पण त्यांच्या समजुतीप्रमाणे पाहा. आपण किनाऱ्याजवळ उतरलो, समुद्र व तळ वायव्येला, आज नाहीतर उद्या लागेल. ह्या समजुतीने त्यांचे प्रत्येक पाऊल तर्कशुद्ध होते. खुणा केल्या, पाणी मोजून घेतले, उन्हात थांबून रात्री चालले, आंधळ्या झालेल्या सोबत्याला सोडले नाही. शिस्त कोठे मोडलेली दिसत नाही. एवढेच की समुद्र आठवड्याच्या नव्हे, महिन्याच्या वाटेवर होता. उलट, पाठ फिरवून आग्नेयेला सोळा मैल गेले असते तर विमान सापडले असते: पाणी, अन्न आणि चालू स्थितीतले बिनतारी यंत्र. लामॉटचे यंत्र! हेडफोन चढवून एक हाक मारायची होती. पण विमान असे धड उतरले असेल हे स्वप्नात तरी कोणाच्या आले असते?

ह्या विमानाविषयी आणखी एक प्रकार नेहमी सांगितला जातो. त्याचे सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांना बसवले आणि त्या विमानांना म्हणे अपघात झाले. एक तर समुद्रात पडले आणि त्यातून वाहून आलेल्या मोजक्या वस्तूंत ‘लेडी बी गुड’चा खुर्चीचा हात होता! कथा चांगली आहे, दिवाळी अंकाला शोभेल अशी. पण शापाचे पिल्लू सोडले की वळ्याची एरियल, वाऱ्याचा वेग आणि बाटलीचे टोपण हे सारे कोणी विचारात घेत नाही. म्हणून मला तिचा राग येतो. विमाने समुद्रात पडतच असतात. शाप लागायला विमानाने कोणाचे काय केले होते?

१९९४ साली लिबियाच्या पुराणवस्तू खात्याने वाळवंटातून ते अवशेष उचलून तोब्रुक येथे आणले. तोवर प्रवाशांनी आठवण म्हणून त्याचे बरेच लचके तोडले होते. तोब्रुकची बातमी मी वाचली तेव्हा आमचे जहाज कांडलाला लागलेले होते. माझ्याबरोबरचा तरुण अधिकारी उपग्रहाकडून जहाजाची जागा मिळवणाऱ्या नव्या यंत्राशी खेळत होता. कळ दाबली की अक्षांश-रेखांश हजर. त्याला ही हकीकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, “पण साहेब, त्यांनी पुन्हा एकदा का नाही विचारले?”

सापडलेल्या आठ जणांचे अवशेष अमेरिकेत नेऊन विधिपूर्वक पुरले गेले. नववा म्हणजे व्हर्नन मूर; शुक्रवारी मदत आणायला निघालेल्या तिघांतला. १९५३ साली एका ब्रिटिश गस्तीपथकाने त्या भागात एका अनामिकाचे अवशेष पुरले होते, ते त्याचेच असावेत असे एक अनुमान आहे. अधिकृत दप्तरात मात्र तो अजून बेपत्ता आहे.